कुठे वाजवायची ते आधी सांगा

मागच्या महिन्यात याच पानावर मी सहज लिहून गेलो की माळा आवरताना कोऱ्या सीड्यांचा डबा सापडला, ५० चा, त्यातल्या ३९ शिल्लक, आता यांचं करू काय. तर वाचकांनी मलाच उत्तर पाठवलं. म्हणे ऑनलाइन ओळख झालेली मंडळी हल्ली चिठ्ठ्या टाकून एकमेकांना गाण्यांच्या सीड्या करून पाठवू राहिलेत. मला वाटलं होतं हे सगळं माझ्या दुकानाबरोबर संपलं. नव्या वाचकांसाठी सांगतो, भुसावळला माझं कॅसेट भरून द्यायचं दुकान होतं, लोक वहीच्या कागदावर यादी आणायचे, मी गाणी भरून द्यायचो, आणि यादीवरून भांडणंही भरपूर व्हायची. त्यामुळे या वेळी दुसरे प्रश्न बाजूला ठेवले (गुडघेदुखीवाल्यांनी माफ करा, पुढच्या महिन्यात नक्की) आणि पान सगळं सीडीला दिलं.

काका, आम्ही नऊ जण आहोत. जुन्या गाण्यांवरून ऑनलाइन ओळख झाली, दोन वर्षं रोज बोलतो पण प्रत्यक्ष कोणीच कोणाला भेटलेलं नाही. आता ठरलंय की प्रत्येकाने एक सीडी भरायची आणि चिठ्ठीत ज्याचं नाव निघेल त्याला पाठवायची, कोणाला कोण ते गुपित. माझ्या चिठ्ठीत एक ताई आल्या, नाशिकला असतात, मूळच्या पारोळ्याच्या, माझ्याहून बऱ्याच मोठ्या. यादी करायला बसले तर १४० गाणी झाली, कमी करायला बसले तर १५२ झाली. काय करू?
एक वाचक, अमळनेर

ताई, यादी फुगली कारण ती तुम्ही स्वतःसाठी करू राहिल्या. १५२ गाणी तुम्हाला आवडतात, चांगलंय, पण त्यातली पारोळ्याच्या ताई कोणती ऐकणार आणि कधी?

माझ्या दुकानात गिऱ्हाईक यादी घेऊन आलं की मी यादी वाचायच्या आधी एकच विचारायचो, कुठे वाजवायची? माझ्याकडे कामाला एक पोरगा होता तुमच्याच अमळनेरकडचा, तो तर डायरेक्ट अहिराणीत विचारायचा, कथा वाजाडनी शे? लोकांना राग यायचा, तुम्हाला काय करायचं, तुम्ही भरा ना. पण ही अक्कल मला एका ट्रकवाल्याकडून आली होती. सावद्याचा माणूस, केळीची गाडी घेऊन दिल्लीला जायचा. मी तेव्हा नवीन होतो, मला वाटलं याला झकास काहीतरी देऊ, म्हणून त्याच्या यादीतली धांगडधिंगा गाणी काढून टाकली आणि माझ्या आवडीची, संथ, रात्रीची, बासरीबिसरी असलेली भरली. आठ दिवसांनी आला आणि कॅसेट काउंटरवर आपटली. "काका, केयीची गाडी हाये, पायना नाही." म्हणजे केळीची गाडी आहे, पाळणा नाही. रात्री दोन वाजता हायवेवर त्याला डुलकी लागायला लागली होती हो, माझ्या चांगल्या आवडीपायी. मी त्याला दुसरी कॅसेट फुकट भरून दिली आणि त्या दिवसापासून विचारायला लागलो.

तर तुम्हीही विचारा. थेट विचाराल तर गुपित फुटेल, पण दोन वर्षं रोज बोलता म्हणजे निम्मं तुम्हाला माहितीच असणार. त्यांचा मेसेज पहाटे साडेपाचला येतो की रात्री साडेअकराला? स्वयंपाक करताना ऐकतात का, गाडीत ऐकतात का, घरात सासू-सुना नातवंडं आहेत की एकट्याच असतात, कारण एकट्या बाईने ऐकायचं विरहाचं गाणं वेगळं आणि दहा जणांच्या घरात पोळ्या लाटताना वेगळं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्यांच्याकडे सीडी वाजवायला आहे काय? जुन्या मोटारीतला प्लेअर, की म्युझिक सिस्टीम, की फक्त लॅपटॉप? एवढं कळलं की १५२ मधली शंभर आपोआप गळतात, रडावं लागत नाही.

आता हिशोब. नेहमीच्या कोऱ्या सीडीवर ८० मिनिटं बसतात, जुनी असेल तर ७४. जुनी गाणी सव्वातीन-साडेतीन मिनिटांची असतात कारण ७८ च्या रेकॉर्डच्या एका बाजूला तेवढंच मावायचं, म्हणजे ती २२-२३ सहज बसतील. नवीन गाणी पाच-पाच मिनिटांची, ती १६ मध्येच डबा भरतो. आणि एखादी १२ मिनिटांची कव्वाली घातली की चार गाणी गेलीच समजा, तरी मी म्हणेन एक घाला. मात्र ८० चे ८० भरू नका, ७०-७२ वर थांबा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, शेवटची गाणी कडेला येतात, आणि बोटांचे डाग, ओरखडे, सगळं कडेलाच जास्त, जुना प्लेअर तिथेच अडखळतो. ज्या गाण्यावर तुमचा जीव आहे ते तिथे अडकलं तर काय मजा. कॅसेटला निदान दिसायचं तरी, साठच्या कॅसेटला एका बाजूला ३० मिनिटं म्हणजे नऊ गाणी, आणि गिऱ्हाईक हट्टाने दहावं घालायला लावायचं, मग ते अंतऱ्यातच कट आणि परत दुकानात भांडण.

यादीत ओळखीची गाणी निम्म्याहून जास्त ठेवा. हे ऐकून तुमच्या ग्रुपातले दुर्मिळवाले चिडतील, मला माहितीये ते लोक, ज्यांना फक्त कोणी न ऐकलेलंच गाणं आवडतं आणि ज्या दिवशी चार लोक ऐकतात त्या दिवशी आवडेनासं होतं. पण सलग सहा अनोळखी गाणी ऐकली की माणूस पाहुण्यासारखा अवघडून बसतो. दोन ओळखीची, एक नवीन, असं जाऊ द्या. ओळखीचं म्हणजे रोज रिक्षात वाजतं ते नव्हे, पूर्वी खूप ऐकलेलं आणि मधे विसरलेलं, जे सुरू झाल्यावर हातातलं काम थांबतं आणि तोंडातून निघतं "अगं बाई, हे!" असं एक जरी सापडलं तरी सीडी वसूल.

क्रम लावताना पहिलं गाणं फार विचार करून निवडू नका. पहिलं गाणं ताई उभ्या-उभ्या ऐकणार, सीडी चालते का, आवाज बरोबर आहे का, टीव्ही बंद करा रे, या गडबडीत. तिथे सुरुवातीलाच जोरात वाजणारं, ओळखीचं काहीतरी टाका. तुमचं लाडकं गाणं दुसऱ्या-तिसऱ्या नंबरला, तोवर त्या बसलेल्या असतात. साधारण ३५ मिनिटांवर काहीतरी बदला, भाषा बदला, नाहीतर नुसतं वाद्यसंगीत टाका, कॅसेटला बाजू पालटताना आपोआप श्वास मिळायचा तो सीडीला मिळत नाही. एकाच गायिकेची दोन गाणी शेजारी नको. आणि शेजारची गाणी तपासायची तर पूर्ण ऐकत बसू नका, आधीच्याची शेवटची २० सेकंदं आणि पुढच्याची पहिली २० ऐका, धक्का बसतोय का ते लगेच कळतं. आवाजाची पातळीही बघा, ५० सालचं गाणं हळू आणि २०१० चं कानात ओरडतं, सीडी राइट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाज सारखा करायची सोय असते ती लावा.

शेवटचं गाणं मात्र खरंच विचार करून. ताईंच्या वयाच्या लोकांना आठवत असेल, रेडिओ सिलोनवर सकाळी आठच्या आधी जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा आणि तो सैगलच्या गाण्यानेच संपायचा. लोक घड्याळ लावायचे त्यावर. सैगल लागला म्हणजे आठ वाजत आले, उठा, शाळा. तसं एकदा गाणं संपलं की सीडी संपली हे कळायला पाहिजे, उगाच तीन वेळा "हे शेवटचं" असं वाटायला नको.

बरोबर कागद पाठवा, हाताने लिहिलेला. गाणं, सिनेमा, साल, गायक, संगीतकार, आणि गीतकारही लिहा बरं, त्याला सगळे विसरतात. आणि प्रत्येक गाण्यापुढे एक ओळ, हे का घातलं. सगळ्यांपुढे ती ओळ सुचणार नाही. जिथे सुचत नाही ते गाणं काढून टाका, तुमचे १५२ चे २० करायला याच्याइतका सोपा उपाय मला माहिती नाही.

आणि एक गंमत सुचवू? लहानपणी गुलाबाई (आपल्याकडचा मुलींचा भोंडला) मांडली असेल तुम्ही. गाणी म्हणून झाली की डबा हलवून विचारायचे, ओळखा आज खाऊ काय. तसं एका गाण्याचं नाव कागदावर लिहूच नका, नुसतं लिहा, "खाऊ ओळखा". पारोळ्याच्या आहेत म्हणता, लगेच समजतील.

काका राग मानू नका पण सीडी कशाला? लिंक पाठवली की दोन सेकंदात काम. माझ्या लॅपटॉपला तर सीडीची खाचच नाही. आमच्या ग्रुपातल्या मोठ्यांनी हट्ट धरलाय म्हणून करतोय. एकाने सांगितलं एमपी३ टाक दीडशे बसतात, दुसरा म्हणतो नको. खरं काय?
कॉलेजकुमार, धुळे

राग कशाचा भाऊ. लिंक मीही ऐकतो रोज. पण लिंकवर पहिली दहा सेकंदं पटली नाहीत की बोट पुढे सरकतं, मधेच जाहिरात, मधेच फोन, आणि यादी संपली की मशीन आपल्या मनाने पुढचं काहीतरी लावतं, मग तू काय निवडलं आणि त्याने काय निवडलं काही फरकच राहत नाही. तू ७० मिनिटांत काय बसवलं आणि काय बाहेर ठेवलं याचीच तर मजा आहे. बाकी मोठ्यांनी हट्ट धरलाय तर धरू दे, एखादा हट्ट पुरवावा.

खाच नाही तर यूएसबीला जोडायचा बाहेरचा डीव्हीडी रायटर मिळतो, ग्रुपात एकाने घेतला की सगळ्यांना पुरतो. नाहीतर गल्लीतल्या फोटो स्टुडिओत जा, लग्नाच्या डीव्हीड्या करून करून त्यांच्याकडे रायटर असतोच.

एमपी३ चं असं की सीडीत ७०० एमबी बसतात, साध्या १२८ केबीपीएसच्या (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ ला मिनिटाला साधारण एक एमबी लागतो, म्हणजे अकरा-साडेअकरा तासांची गाणी बसतील, दीडशे काय जास्तच. पण ती झाली डेटा सीडी. जुन्या प्लेअरला ती कळतच नाही, नुसती फिरते. आणि दीडशे गाणी देणं म्हणजे निवडायचं काम समोरच्याच्या गळ्यात घालणं, माझं दुकान बंद पडलं ते याच वीस रुपयांच्या एमपी३ सीड्यांनी, त्यामुळे माझं मत थोडं कडवट असेल, ते तू वजा करून घे. सॉफ्टवेअरमध्ये "ऑडिओ सीडी" हाच पर्याय निवड. तिथे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेला आवाज जसाच्या तसा बसतो म्हणून जागा जास्त लागते आणि ८० मिनिटांतच संपते. पण एक गैरसमज काढून टाक, १२८ चं फाटकं एमपी३ ऑडिओ सीडीवर टाकलं म्हणून ते सुधारत नाही, झांजेचा आवाज जो आधी चिरकत होता तो तसाच चिरकणार. मूळ फाइल चांगली घे, शक्यतो विकत घेतलेली. हो, हे मी सांगतोय, ज्याने वर्षानुवर्षं लोकांना कॅसेटी भरून दिल्या. ते कायद्यात बसत नव्हतं, एका कंपनीची माणसं दुकानात येऊन दम देऊन गेली होती, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मित्राला एक सीडी ऐकायला देणं वेगळं, पण तिच्या दहा कॉप्या काढून वाटत किंवा विकत फिरू नको.

बाकी छोट्या गोष्टी. सीडी-आर घे, आरडब्ल्यू (पुसून परत भरता येणारी) नको, जुने प्लेअर तिला नाकं मुरडतात. स्पीड कमी ठेव, ८ किंवा १६, घाईने राइट केलेली गाडीत अडकते. शेवटी डिस्क "क्लोज" किंवा "फायनलाइज" कर, नाहीतर तुझ्याकडेच वाजेल. गाण्यांमध्ये दोन सेकंदांची मोकळी जागा ते आपोआप सोडतं, ती राहू दे, फक्त दोन भागांचं सलग गाणं असेल तर काढ. नाव लिहायला बॉलपेन अजिबात नको, लोकांना वाटतं चमकणारी बाजू नाजूक, पण चांदीचा थर वरच्या लिहायच्या बाजूलाच लगेच खाली असतो, बॉलपेनने तो फाटतो. मऊ टोकाचं मार्कर वापर. माझ्या डब्यातल्या चार मी परवा भरून बघितल्या, वीसेक वर्षं माळ्यावर तापलेल्या, दोन बिघडल्या. म्हणून जुन्या कोऱ्या वापरणार असशील तर भरल्यावर पूर्ण ऐकूनच पाठव.

आमच्या ग्रुपात बहुतेक पुण्या-मुंबईचे. माझ्या चिठ्ठीत पुण्याचे एक सर आले, फार अभ्यासू. मला आमच्याकडची अहिराणी गाणी, आजीची कानबाईची (कानबाई म्हणजे आमची खानदेशी देवी), शिवाय इकडची होळीची ढोलाची घालाविशी वाटतात. पण भीती वाटते की हसतील. की दोन शेवटी घालू?
एक वाचक, शहादा

शेवटी तर मुळीच नको. लग्नात गरीब नातेवाइकाला कोपऱ्यात बसवतात तसं होतं ते. घालायची तर तिसऱ्या-चौथ्या नंबरला घाल, दोन मोठ्या ओळखीच्या गाण्यांच्या मधे, ऐटीत.

आणि हसतील म्हणतेस, त्या अभ्यासू सरांना विचार बहिणाबाई त्यांनी कुठल्या भाषेत वाचल्या. आसोद्याची बाई, अक्षरओळख नाही, शेतात आणि जात्यावर ओव्या म्हणायची, घरच्यांनी त्या उतरवून घेतल्या म्हणून राहिल्या, १९५१ ला त्या गेल्या आणि १९५२ ला पुस्तक आलं. आपली बोली, जशी बोलतो तशी. सगळा महाराष्ट्र शाळेत पाठ करतो, कोणी हसलं नाही. आणि लताबाईंचं आजोळ कुठलं? आपलं थाळनेर, शिरपूर तालुक्यातलं, तापीच्या काठचं. त्यांच्या आई तिथल्या. पुण्याच्या सरांना हे माहिती नसेल तर कागदावर लिही, तेवढीच आपली कॉलर ताठ.

एक गोष्ट मात्र सांगतो. बाजारात मिळणारी डीजेवाली अहिराणी गाणी मला फारशी पसंत नाहीत, वरातीत ठीक आहेत, मीही हात वर केलेत, पण सीडीत एखादंच पुरे. तुझ्याकडे त्याहून भारी वस्तू आहे ती म्हणजे आजी. मोबाईलवर आजीचं रेकॉर्ड कर. कानबाईचं, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावर म्हणतात ते, आठवेल ते. पण तिला समोर बसवून "म्हण आता" म्हणशील तर दुसऱ्या ओळीवर अडकेल, लाजेल, "विसरले वं माय" म्हणेल. माझ्या आईचं हेच झालं होतं. मग मी तिच्यापुढे गहू निवडायला ठेवले आणि मोबाईल शेजारी घडी केलेल्या टॉवेलवर ठेवला, हातभर अंतरावर, तर सुपाच्या आवाजाबरोबर एकामागून एक सात निघाली. ही गाणी हाताला काम असलं की येतात, कारण ती तशीच शिकलेली असतात. पंखा बंद कर, बाकी कोंबडी ओरडली, भांडं पडलं, राहू दे. आणि आजीला आधी सांग हे बाहेर पाठवणार आहे म्हणून, नको म्हणाली तर नको.

होळीच्या ढोलाला उलटं करायचं. तुमच्याकडे काठी गावची होळी म्हणजे लांबून लोक येतात, मोठमोठे ढोल, घुंगरं, बासऱ्या, तिथे जवळ उभं राहून रेकॉर्ड केलं तर मोबाईलचा माइक फाटतो आणि नुसती खरखर मिळते. तीस-चाळीस फूट मागे सर. तरी घरच्या बारक्या स्पीकरवर ढोलाचा खालचा आवाज येतच नाही, म्हणून त्या गाण्यापुढे लिही, "सर, हेडफोन लावा". दोन मिनिटांपेक्षा मोठं ठेवू नको, तिथे उभं असताना रात्र पुरत नाही पण पुण्यात सोफ्यावर बसून दोन मिनिटं खूप झाली.

अर्थ पण लिही, शब्दाला शब्द नको, दोन ओळीत, बाई कोणाला काय म्हणतेय एवढं.

मी निवृत्त शिक्षक. ग्रुपातली तरुण मंडळी फार उथळ गाणी ऐकतात. या निमित्ताने चिठ्ठीत आलेल्या मुलाला निवडक शास्त्रीय आणि जुनी भावगीतं देऊन थोडी गोडी लावावी असा विचार आहे. आपलं मत?
एक वाचक, जळगाव

सर, तुमच्यासारखाच विचार दिल्लीत एकदा सरकारने केला होता. १९५२ ला बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, आपले मराठी माणूस, शास्त्रीय गाण्याचे स्वतः जाणकार. त्यांना वाटलं सिनेमाची गाणी लोकांचे कान बिघडवतात, आणि आकाशवाणीवरून ती जवळजवळ गायबच झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनवर नेला. त्याच १९५२ ला तिथे बिनाका गीतमाला सुरू झाली, अमीन सायानींचा आवाज, आणि सगळा देश तिकडे. शेवटी १९५७ च्या ऑक्टोबरमध्ये आकाशवाणीला सिनेमाची गाणी वाजवणारी विविध भारती काढावी लागली.

आता केसकरांमुळे कितीतरी शास्त्रीय गवयांना रेडिओवर मान मिळाला, काम मिळालं, हेही खरं आहे, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण तुमच्या त्या पोराच्या हातात काटा आहे सर, आणि आता सिलोन एकच नाही. तो जे ऐकतो त्यातली पाच गाणी आधी तुम्ही ऐका, तोंड वाकडं न करता. त्यातलं एखादं कुठल्या तरी रागाच्या आसपास फिरत असेल, ते पकडा, ते सीडीत घाला, आणि लगेच त्याला लागून त्याच रागातली एक जुनी चीज, छोटी, चार-पाच मिनिटांची. तीन-चार अशा जोड्या खूप झाल्या. ४० मिनिटांचा ख्याल नको, तो त्याने पुढे स्वतः मागितला तर द्या.

मला सीडी आली, १९ गाणी, १९ च्या १९ रडकी. पाठवणाऱ्याने कागदावर लिहिलंय "मनापासून निवडली". ड्युटीवरून थकून आल्यावर हे ऐकवत नाही. ग्रुपात विचारतात कशी वाटली, काय सांगू?
रेल्वे कर्मचारी, भुसावळ

गाववाले, नुसतं "छान छान" सांगू नका, ते ओळखू येतं. एकदा पूर्ण ऐका, ड्युटीच्या दिवशी नव्हे, सुट्टीला दुपारी. १९ मधलं एक तरी बरं निघेल, नाहीतर एखाद्यात सतार चांगली असेल, अंतऱ्यातली एक ओळ असेल. तेवढ्याचंच बोला, नाव घेऊन बोला. "सातवं गाणं, मधली सतार, दोनदा ऐकली." पाठवणाऱ्याला यातच सगळं मिळतं, बाकी १८ चं तो विचारणार नाही.

आणि सगळीच रडकी असतील तर कधीतरी हळूच त्याला एकट्याला फोन करा, गाण्यांबद्दल नाही, असाच. कसा आहेस म्हणून. माझ्या दुकानात एक जण महिनाभरात चारदा असलीच यादी घेऊन आला होता. मी चार वेळा भरून दिली आणि पैसे घेतले, विचारलं काहीच नाही, कुठे वाजवणार एवढंसुद्धा नाही. ते मला अजून खातं.

ग्रुपातल्या एका मुलीचं नाव माझ्या चिठ्ठीत आलं (आलं म्हणजे मी बदलून घेतलं). गाण्यांतून मनातलं सांगावं म्हणतो. कोणती गाणी घालू?
नाव नको, चाळीसगाव

२० प्रेमगीतं पाठवली तर ती पुढच्या दिवशी ग्रुप सोडेल. एकही नको भाऊ. तिने ग्रुपात कधीतरी म्हटलेलं असेल, हे गाणं कुठे मिळत नाही, ते माझ्या बाबांना आवडायचं, ते शोध. सापडलं तर चौथ्या नंबरला घाल आणि पुढे काहीही लिहू नको. नाही सापडलं तरी शोधण्यात चार महिने जातील, तोवर तुझंही डोकं जागेवर येईल. आणि चिठ्ठी बदलून घेतल्याचं ग्रुपात कबूल कर.

सीडी पाठवायची कशी? मागच्या वेळी पोचेपर्यंत दोन तुकडे झाले होते.
एक वाचक, दोंडाईचा

त्या कडक प्लास्टिकच्या डबीतच पाठवली असेल, डबी फुटते आणि तिचीच धार सीडीला लागते. सीडी कागदी किंवा मऊ पाकिटात घाला, दोन्ही बाजूंना जुन्या वहीचे पुठ्ठे सीडीपेक्षा बोटभर मोठे, चारी बाजूंनी चिकटपट्टी, मग फुगेवाला प्लास्टिक कागद, मग जाड पाकीट. वर "वाकवू नका" लिहा, वाचतील न वाचतील. स्पीड पोस्ट करा.

शक्यतो एप्रिल-मे टाळा. आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि भरलेल्या सीडीत गाणी रंगाच्या थरावर उमटलेली असतात, तो थर उन्हाने आणि उष्णतेने विरतो. पाठवणारा जपतो आणि घेणारा ती मोटारीच्या काचेपाशी टाकून लग्नाला जातो, संध्याकाळी वाकलेली पापडासारखी. म्हणून आत एक चिठ्ठी टाका, उन्हात ठेवू नका अशी. आणि तुमच्याकडे एक कॉपी असू द्या, पोस्टाची पावती पण.